पीएचडी झाली, आता पुढं काय? पोस्टडॉकची वाट



माण तालुक्यातल्या एका गटाच्या बैठकीला आम्ही गेलो होतो. हप्ते गोळा झाले, वही लिहून झाली, चहा आला. तेवढ्यात कोपऱ्यातल्या एक काकू म्हणाल्या, "तुम्ही रेडिओवर एवढं सगळं सांगता, मग मला एक सांगा. माझी पोरगी केमिस्ट्रीत पीएचडी झाली. आम्हाला वाटलं, संपलं एकदाचं शिक्षण. आता म्हणती, पोस्टडॉक करायचंय. वय तीस झालं. पावणे विचारत्यात, अजून किती शिकवणार पोरीला? मी त्यांना काय सांगू?"

बैठकीतल्या आणखी दोघी म्हणाल्या, आमच्याही घरात हेच चाललंय. एकीची भाची सांगलीत इंजिनिअरिंगमध्ये पीएचडी करत होती, दुसरीची सून साताऱ्यात कॉलेजात शिकवत होती. तेव्हाच ठरवलं, यावर एकदा नीट बोलायचं. कारण अर्ज पोरगी भरते, पण तिला वेळ मिळणार की नाही हे घर ठरवतं. आणि ज्या गोष्टीचा अर्थच घराला कळलेला नाही, तिच्यासाठी घर थांबत नाही.

हे शिक्षण नाही, काम आहे

पहिली गोष्ट ही की पोस्टडॉकला परीक्षा नसते आणि नवी पदवीही मिळत नाही. पीएचडीत मुलगी संशोधन कसं करायचं ते शिकते. पोस्टडॉक म्हणजे पीएचडी झाल्यावर दुसऱ्या एखाद्या प्रयोगशाळेत, अनुभवी शास्त्रज्ञाच्या हाताखाली, ठरावीक मुदतीसाठी पगार घेऊन केलेलं संशोधन. मुदत बहुधा दोन-तीन वर्षांची असते.

विटा, खानापूर, आटपाडी, माण, खटाव या पट्ट्यातल्या बायकांना हे समजायला अवघड नाही. आपल्याकडची किती घरं सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यात आहेत! गावातला पोरगा आधी कुणातरी पावण्याच्या दुकानात लांबच्या शहरात जातो. तिथं दोन-चार वर्षं काम करतो. भट्टी, तेजाब, सोन्याचा कस, गिऱ्हाइकाशी बोलणं, सगळं अंगवळणी पडतं. मग तो स्वतःचं दुकान टाकतो. तो पहिली दोन-चार वर्षं तिथं असताना "पोरगा अजून शिकतोच आहे" असं आपण म्हणत नाही. "कामाला लागला" म्हणतो. पोस्टडॉकचंही तसंच आहे. दुकानाच्या जागी प्रयोगशाळा आणि मालकाच्या जागी प्रोफेसर, एवढाच फरक.

पगाराचंही सांगतो, कारण बैठकीत तो प्रश्न लगेच आला. केंद्र सरकारच्या पैशावर चालणाऱ्या प्रकल्पांत पीएचडी झालेल्यांना रिसर्च असोसिएट म्हणून घेतात. १ जानेवारी २०२३ पासून त्यांचे दर महिन्याला ५८,०००, ६१,००० आणि ६७,००० रुपये असे तीन टप्पे ठरले. टप्पा अनुभवावर ठरतो आणि घरभाडं भत्ता वेगळा असतो. आपल्याकडं पीएचडी होऊनही तासिका तत्त्वावर, म्हणजे जेवढे तास शिकवले तेवढ्याचेच पैसे, असं वर्षानुवर्षं शिकवणाऱ्या मुली आहेत. त्यांच्या घरच्यांनी हे आकडे जरूर ऐकावेत.

जागा मिळण्याचे तीन दरवाजे

आपल्या दोन्ही जिल्ह्यांतली बरीच मुलं-मुली कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातून पीएचडी करतात. १९६२ साली सुरू झालेल्या या विद्यापीठाच्या कक्षेत कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे येतात. सांगलीचं वालचंद कॉलेज, कराडचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय इथली मुलंही या वाटेला येतात. सगळ्यांसाठी दरवाजे तेच आहेत.

पहिला दरवाजा प्रकल्पाचा. एखाद्या प्रोफेसरला सरकारकडून संशोधनासाठी पैसे मंजूर होतात. त्यात माणूस नेमायची तरतूद असते. मग संस्थेच्या संकेतस्थळावर छोटी जाहिरात लागते. कधी अर्जासाठी दोन-तीन आठवडेच मिळतात, कधी थेट मुलाखतीची तारीखच दिलेली असते. ही जाहिरात सहसा गावात येणाऱ्या पेपरात दिसत नाही. म्हणून मुलीनं पंधरा-वीस संस्थांची यादी करून दर आठवड्याला त्यांची पानं उघडून बघायची सवय लावावी. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, आयसर, आघारकर संशोधन संस्था. मुंबईत आयआयटी, टाटा मूलभूत संशोधन संस्था. बंगळुरूत भारतीय विज्ञान संस्था. सुरुवात इथून करता येते.

दुसरा दरवाजा संस्थेचा. काही मोठ्या संस्था स्वतःच्या पैशातून पोस्टडॉक नेमतात. आयआयटी मुंबईत तशी योजना आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत पोस्टडॉकला व्हिजिटिंग फेलो म्हणतात. नावावरून फसू नका, काम तेच.

तिसरा दरवाजा फेलोशिपचा. इथं पैसे मुलीच्या नावावर मंजूर होतात आणि ते घेऊन ती आपल्या पसंतीच्या प्रयोगशाळेत जाते. यातली मोठी योजना म्हणजे नॅशनल पोस्टडॉक्टरल फेलोशिप. पूर्वी ती सर्ब नावाचं मंडळ द्यायचं, आता अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन देतं. मुदत दोन वर्षं. अर्ज करण्याआधी मुलीनं भारतातल्या मान्यताप्राप्त संस्थेत कायम नोकरीवर असलेला मार्गदर्शक शोधायचा, त्याची संमती घ्यायची आणि काय संशोधन करणार ते लिहून द्यायचं.

तिन्ही दरवाजांत एक गोष्ट सारखी आहे. नुसता फॉर्म भरून काम होत नाही. समोरच्या शास्त्रज्ञाला वाटलं पाहिजे की ही मुलगी माझ्या कामाला उपयोगी आहे. म्हणून सगळं येऊन थांबतं ते एका पत्रावर.

पत्र कसं लिहायचं

बहुतेक मुलं काय करतात? एकच मजकूर शंभर प्रोफेसरांना ईमेलनं पाठवतात. "आदरणीय सर, मी पीएचडी केली आहे, आपल्याकडे कोणतीही जागा असल्यास कळवावे." असं पत्र प्रोफेसर वाचत नाही. आपल्या दारात कुणी आलं आणि म्हणालं, "काहीही काम द्या," तर आपण काय करतो? आणि कुणी म्हणालं, "तुमच्या बागेत छाटणी राहिलीय, मला छाटणी येते," तर? त्याला आपण बसायला सांगतो.

समजा, मुलीनं द्राक्षावर फवारलेल्या औषधाचा अंश ओळखणाऱ्या सेन्सरवर पीएचडी केली. तिनं आधी या विषयात अजून कोण काम करतं ते शोधावं. आपल्या पीएचडीसाठी ज्यांचे शोधनिबंध वाचले, त्यांचीच नावं पहिल्या यादीत येतात. मग त्यातल्या एकाचं अलीकडचं काम नीट वाचून असं लिहावं: "दुधातली भेसळ ओळखणारी तुमची पद्धत मी वाचली. मी द्राक्षांवर काम केलं आहे. माझा सेन्सर प्रयोगशाळेत चालतो, पण शेतातल्या उन्हात त्याचं माप चुकतं. तुमच्या पद्धतीनं ही अडचण सुटेल असं मला वाटतं. अमुक यंत्र मला स्वतःला चालवता येतं. अमुक फेलोशिपसाठी तुमच्याबरोबर अर्ज करायची इच्छा आहे."

एवढंच. पानभरापेक्षा कमी. सोबत बायोडाटा आणि शोधनिबंधांची यादी. अशी दहा पत्रं शंभर छापील पत्रांपेक्षा जास्त कामाची. उत्तर आलं नाही तर दोन-तीन आठवड्यांनी एकदा आठवण द्यावी. तरीही आलं नाही तर पुढं जावं. दहातल्या एक-दोघांनीच उत्तर दिलं तर त्यात कमीपणा नाही. हे घरच्यांनीही ध्यानात ठेवावं.

शिफारसपत्रं बहुधा दोन किंवा तीन लागतात. एक पीएचडीच्या गाइडचं, बाकीची तिचं काम जवळून पाहिलेल्यांची. म्हणून ही तयारी पीएचडी संपायच्या वर्षभर आधी सुरू करावी. पदवी हातात आल्यावर पहिलं पत्र लिहिलं, तर मधले सहा-आठ महिने रिकामे जातात. आणि नेमक्या त्याच महिन्यांत पावण्यांचे फोन सुरू होतात.

परदेशाची वाट

आता परदेशाचं. शिवाजी विद्यापीठाच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळांत पातळ थरांवर खूप वर्षं काम झालं आहे. म्हणजे काचेवर किंवा धातूच्या पत्र्यावर एखाद्या पदार्थाचा केसापेक्षाही कितीतरी पातळ थर चढवायचा. त्याचा उपयोग सौर ऊर्जा, वायू ओळखणारे सेन्सर, वीज साठवणारी उपकरणं यांत होतो. आपल्याकडच्या मुलांनी हे थर महागड्या यंत्रांशिवाय, साध्या रासायनिक पद्धतीनं चढवण्यात हात बसवला. दक्षिण कोरियातल्या विद्यापीठांना या कामाची माणसं हवी होती. आधी थोडे गेले, त्यांचं काम तिथल्या प्रोफेसरांना आवडलं, मग त्यांनी मागच्यांची नावं सुचवली. अशी इथली बरीच मुलं कोरियात पोस्टडॉक करून आली. गलाईच्या दुकानासारखंच झालं की नाही? म्हणून मुलीला सांगा, तुझ्याच प्रयोगशाळेतून आधी कोण कुठं गेलं ते विचार. त्यांना लाजू नको. पहिली खरी माहिती तिथंच मिळते.

परदेशी फेलोशिपही आहेत. जर्मनीच्या हुम्बोल्ट फाउंडेशनची फेलोशिप पीएचडीनंतर चार वर्षांच्या आत मागता येते. मेरी क्युरी यांच्या नावाची युरोपची फेलोशिप आहे. तिच्यासाठी मुलगी आणि तिकडची संस्था मिळून अर्ज करतात. अमेरिकेसाठी फुलब्राइट-नेहरू फेलोशिप आहे. प्रत्येकीची मुदत वेगळी, म्हणून वहीत तारखा लिहून ठेवाव्यात.

एक बाई, लग्नानंतर दहा वर्षांनी

"लग्न झालेल्या बाईला हे जमतं का?" असं एका मैत्रिणीनं विचारलं. तिला आम्ही कमल रणदिवे यांची गोष्ट सांगितली.

कमलताई पुण्याच्या, जन्म १९१७ चा. लग्न १९३९ मध्ये झालं. नवरा गणितातला. त्यांनी बायकोच्या पुढच्या शिक्षणाला हात दिला. कमलताईंना मुंबई विद्यापीठाची पीएचडी मिळाली १९४९ मध्ये, म्हणजे लग्नानंतर दहा वर्षांनी. त्यानंतर त्या अमेरिकेत बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. हेच पोस्टडॉक. जिवंत पेशी शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात वाढवायचं तंत्र त्या तिथं शिकल्या. परत येऊन त्यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात पेशी वाढवण्याची देशातली पहिली प्रयोगशाळा उभी केली. स्तनाच्या कॅन्सरचा आनुवंशिकतेशी काय संबंध आहे, यावर त्यांनी काम केलं.

१९७३ मध्ये त्यांनी आणि बरोबरच्या जणींनी भारतीय महिला शास्त्रज्ञांची संघटना सुरू केली. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. निवृत्तीनंतर त्या अहमदनगर जिल्ह्यातल्या आदिवासी मुलांच्या पोषणाच्या कामात उतरल्या. बाल्टिमोरहून त्यांनी आणलेला कागद फारसा कुणाला आठवत नाही. आणलेलं तंत्र मात्र मुंबईत रुजलं. पोस्टडॉकला जायचं ते अशा कसबासाठी.

वय, लग्न, बाळंतपण

आता नियम बघू. मघाशी सांगितलेल्या नॅशनल पोस्टडॉक्टरल फेलोशिपला वयाची अट ३५ वर्षांची आहे. पण महिलांना त्यात पाच वर्षांची सवलत आहे. अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग आणि दिव्यांग यांनाही आहे. तेव्हा तिशीतली मुलगी "उशीर झाला" म्हणून घरी बसवायचं काही कारण नाही.

दुसरी योजना खास बायकांसाठीच आहे. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागानं २००२-०३ मध्ये महिला शास्त्रज्ञांसाठी योजना सुरू केली. लग्न, मूल, घरातलं आजारपण यामुळे ज्यांचं संशोधन सुटलं, त्यांना परत आणायचं हा हेतू. आज त्यातलीच एक वाइज-पीडीएफ या नावानं चालते आणि २७ ते ६० वर्षांच्या महिलांना अर्ज करता येतो. साताऱ्यात कॉलेजात शिकवणाऱ्या त्या सूनबाईंनी ही योजना आवर्जून बघावी.

केंद्राच्या प्रकल्पात रिसर्च असोसिएट असलेल्या बाईला सरकारी नियमाप्रमाणे बाळंतपणाची रजा मिळते. हा हक्क आहे, मेहेरबानी नाही. रुजू होतानाच लेखी विचारून घ्यावं.

आणि नावाचं एक सांगतो. लग्नाआधीचे शोधनिबंध माहेरच्या नावानं, आधारकार्ड सासरच्या नावानं, पदवीवर तिसरंच काहीतरी. मग अर्ज अडतो. शोधनिबंधांवर पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच नाव ठेवावं. लग्नात नाव बदलायची घाई करू नये. बदललं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला आणि राजपत्रातली नोंद तयार ठेवावी. ओर्किड नावाचा एक फुकट क्रमांक मिळतो, तो काढला की सगळे निबंध एकाच व्यक्तीच्या नावावर जोडलेले दिसतात.

पैसे मागणाऱ्यापासून सावध

ही गोष्ट मोठ्यानं सांगतो. पोस्टडॉक हे पगाराचं काम आहे. जागा मिळवून देतो म्हणून कुणी पैसे मागितले, "प्रोसेसिंग फी", "सीट बुकिंग", "डिपॉझिट" म्हणाला, तर तिथंच थांबा. काही संस्था अर्जाचं थोडं शुल्क घेतात, पण ते संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर, पावतीसह भरायचं असतं. नेमणुकीचं पत्र आलं की ज्या पत्त्यावरून ईमेल आला तो विद्यापीठाचाच आहे का ते बघा, आणि विद्यापीठाच्या पानावरून पत्ता शोधून त्या प्रोफेसरला स्वतंत्रपणे विचारा. पैसे घेऊन शोधनिबंध छापून देणारेही फिरतात. तसले निबंध बायोडाट्यात दिसले की जाणता माणूस बायोडाटा बाजूला ठेवतो. गटातून या दोन्हींसाठी कर्ज देऊ नका.

आणि दोन वर्षांनंतर?

खोटी आशा दाखवायची नाही. पोस्टडॉक संपलं म्हणजे कायमची नोकरी पक्की, असं नाही. कॉलेजातल्या भरतीची वाट बघून थकलेली माणसं आपण रोज बघतो. पण हाताला नवं कसब येतं, निबंध वाढतात, ओळखी वाढतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत सहायक प्राध्यापकाच्या निवडीची यादी करताना पोस्टडॉकच्या दर वर्षाला २ गुण धरले आहेत. औषध, बॅटरी, बियाणं, यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांतही ही माणसं लागतात. एका पोस्टडॉकनंतर दुसरं, तिसरं असं करत बसण्यात मात्र धोका आहे. पहिल्या वर्षाच्या शेवटीच "यानंतर काय?" हे मुलीनं ठरवायला घ्यावं.

घर आणि गट काय करू शकतो

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात मुलांसाठी वसतिगृह काढलं, तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने त्यात घातले, मंगळसूत्रसुद्धा. आज पोस्टडॉकसाठी दागिना मोडावा लागत नाही. लागतो तो वेळ आणि थोडा आधार. व्हिडिओवर मुलाखत असेल त्या दिवशी मुलीला चांगलं नेटवर्क आणि दार लावलेली खोली मिळू द्या. घरात जमत नसेल तर तालुक्याच्या गावी कुणाकडं तरी सोय करा. पुण्या-बंगळुरूच्या मुलाखतीला जायचं भाडं गटातून छोट्या कर्जानं देता येतं. पत्र लिहायच्या दिवसांत तिच्या वाटणीचं काम कुणीतरी उचला. लग्नाची बोलणी चालू असतील तर हे काम दोन वर्षांचं आहे, कुठं असेल, पगार किती, ते समोरच्यांना आधीच सांगा. लपवून ठरवलेल्या लग्नात पहिला बळी या कामाचाच जातो.

त्या काकूंना आम्ही एवढंच म्हणालो, "पावण्यांना सांगा, पोरीचं शिक्षण संपलं. ती आता कामाला लागतीय." काकू हसल्या. म्हणाल्या, "मग पगार विचारतील." आम्ही म्हणालो, "विचारू देत. आकडा आता तुम्हाला पाठ आहे."

गटात बोलण्यासाठी

आपल्या गावात पीएचडी करणाऱ्या किंवा झालेल्या मुली किती आहेत? त्यातल्या कुणाचं काम लग्नानंतर किंवा बाळंतपणानंतर सुटलं? त्यांच्यापर्यंत वाइज-पीडीएफची माहिती कोण पोचवेल? मुलाखतीच्या प्रवासासाठी आपला गट किती रुपयांपर्यंत कर्ज देऊ शकेल? पुढच्या बैठकीत यावर बोला आणि काय ठरलं ते आम्हाला कळवा.